उद्याचं आवतण

लग्नाच्या बोलणीत कुत्र्यांच्या ऑपरेशनचा विषय काढणारा माणूस आख्ख्या मराठवाड्यात एकच झाला, आणि तो नेमका सासरा म्हणून माझ्या वाट्याला आला. मी तेव्हा मुखेडच्या बसस्टँडवर कंट्रोलर होतो. कुठली गाडी कुठं लागली ते भोंग्यावर ओरडून सांगायचं, आणि ती का लागली नाही याच्या शिव्या खायच्या, एवढी माझी नोकरी. मुलगी बघायला आम्ही गेलो ते गाव अहमदपूर आणि मुखेडच्या मधे कुठंतरी आहे असं समजा. नाव सांगत नाही, अजून मला तिथं जावं लागतं. पोहे झाले, चहा झाला, माझे वडील मानपानाचा विषय काढायला घसा साफ करत होते, तेवढ्यात मुलीचे वडील माझ्याकडं वळून म्हणाले, “पाव्हणं, तुमच्या मुखेडात मोकाट कुत्र्यांचं काय करतेत?” बैठक गार पडली. माझ्या मामानं मला कोपरानं ढोसलं, म्हणजे काय ते मलाही कळलं नाही. मी म्हणालो, “हाड म्हणतेत.” ते आतल्या दाराकडं तोंड करून म्हणाले, “पोरगं खोटं बोलत न्हाई. देऊन टाका.” माझं लग्न असं ठरलं. आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात, तेव्हा इथून पुढं मामा म्हणजे हे गृहस्थ. गाव त्यांना अप्पा म्हणायचं.

मामांचं कापडाचं दुकान होतं, भर बाजारात, वेशीला लागून. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, अंगात पांढरा सदरा, गळ्यात लिंगायताचं इष्टलिंग, काखेत छत्री. छत्री पावसासाठी नव्हती, पाऊस आमच्याकडं पाहुण्यासारखा यायचा. छत्री कुत्र्यांपासून अंग राखायला होती. इथं वाचणाऱ्याचा एक गैरसमज दूर करायला पाहिजे. मामांना कुत्री अजिबात आवडत नव्हती. त्यांनी आयुष्यात कधी कुत्र्याला कुरवाळलं नाही, घरात घेतलं नाही, एखादं जवळ आलं की छत्रीचं टोक पुढं करायचे. एकदा मी विचारलंच, की मामा, आवडत नाहीत तर एवढा जीव का आटवताव? ते गजानं कापड मोजत होते, मोजणं थांबवलं नाही. “आवडायचा काय संबंध? आवडत न्हाई त्याला मारायचं म्हणलं तर मला गिऱ्हाइकं बी आवडत न्हाईत.” समोर गिऱ्हाईक बसलेलं होतं. तेही मान हलवत होतं.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं त्याला कारण पेढे. तिथल्या नगरपालिकेत त्या काळी मोकाट कुत्र्यांसाठी एकच तरतूद होती, आणि ती पेढ्यांची होती. वर्षातून दोनतीनदा खव्याच्या गोळ्यात औषध कालवायचं, पहाटे गल्लीगल्लीत टाकत जायचं, आणि ऊन चढायच्या आत हातगाडा फिरवायचा. गावाला याची सवय झाली होती. आदल्या दिवशी दवंडी व्हायची, लोक आपापली पाळलेली कुत्री घरात बांधून घ्यायचे आणि पोरांना दम द्यायचे की रस्त्यावरचा पेढा उचलायचा नाही. एका सकाळी मामा दुकान उघडायला गेले तर पायरीवर एक कुत्री आडवी पडलेली, आणि तिची पिल्लं तिला लुचत होती. तिला दूध येत होतं की नाही देव जाणे. औषध आईतून पिल्लांत उतरायला वेळ लागला असावा. मामांनी त्या दिवशी दुकान उघडलं नाही, पायरीसमोर उभे राहिले, शेवटचं पिल्लू थांबेपर्यंत. संध्याकाळी घरी आले आणि सासूबाईंना म्हणाले, मी नगरपालिकेला उभा राहतो. सासूबाई मूळच्या उदगीरकडच्या, राग आला की कानडीत जायच्या. त्या “साकु, साकु” म्हणाल्या. म्हणजे पुरे करा. पुरे झालं नाही. मामा निवडून आले, कारण त्यांच्या विरुद्ध उभा असलेला माणूस त्यांच्याच दुकानातून उधारीवर कापड नेत होता.

सभेत मामा दुसऱ्या कुठल्याच विषयावर बोलत नसत. रस्ता म्हणा, गटार म्हणा, दिवाबत्ती म्हणा, मामा नुसता होकाराचा हात वर करून बसायचे. अंदाजपत्रकात ‘मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त’ हे शब्द आले की उभे राहायचे. एकदा भर दुष्काळात अध्यक्ष चिडून म्हणाले, “अप्पा, नळाला पाणी न्हाई, लोकं घागरी घेऊन दारात बसलेत, आन तुमी कुत्र्याचं काय घेऊन बसलाव?” मामा शांतपणे म्हणाले, “पाणी न्हाई म्हणूनच म्हणायलो. एक कुत्री वर्षात दोनदा वितीय. तुमी पेढे घालताव. गल्ली रिकामी झाली की शेजारच्या गल्लीतली येतेत, ती बी वितेत. तुमचे पेढे कवा संपणार? त्यापरीस एकदा डॉक्टर बोलवा, पोट उघडा, टाके घाला, मिटलं. पेढ्याला पैसा हाय आन टाक्याला न्हाई?” सभागृह हसलं. हसण्यावारी नेलं की आमच्याकडं विषय संपतो. मामा पुढच्या सभेला पुन्हा तेच बोलले, त्याच्या पुढच्या सभेलाही तेच. शेवटी लोक हसायचे थांबले आणि कंटाळले, आणि कंटाळलेल्या सभेनं एक ठराव करून टाकला. अप्पांनी स्वतःच्या खर्चानं कुत्र्यांची ऑपरेशनं करावीत, आणि ऑपरेशन झालेल्या कुत्र्याला ओळखू येईल अशी खूण असल्यास नगरपालिकेचा माणूस त्याला हात लावणार नाही. यात नगरपालिकेचं काहीच जात नव्हतं.

खुणेचं मामांनी आधीच ठरवलं होतं. त्या काळी कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण गावातल्या प्रत्येक भिंतीवर होता, दवाखान्यावर होता, येष्टीच्या पाठीवर होता. मामांना ती सगळी योजना फार पसंत होती. माणसांचं शिबिर होतं, ऑपरेशन फुकट होतं, वर बादली मिळते, मग कुत्र्यांनीच काय घोडं मारलंय, असं ते विचारायचे. म्हणून त्यांनी लाल मांजरपाटाचा तागा उघडला आणि तिकोनी रुमाल कापले. गळ्याभोवती गुंडाळून मागं गाठ मारली की टोक छातीवर यायचं. कुत्र्यांच्या गळ्याची मापं त्यांनी स्वतः घेतली, दुकानातल्या टेपनं, छत्री बगलेत धरून, तोंड दुसरीकडं करून. पुढं तीच टेप ब्लाउजच्या मापाला वापरायचे म्हणून सासूबाईंनी ती चुलीत घातली.

पण ऑपरेशन करणार कोण? गावात जनावरांचा दवाखाना होता, डॉक्टरही भले होते, पण ते म्हणाले, अप्पा, मी जन्मभर बैलं खच्ची केली, कुत्रीचं पोट कधी उघडलं नाही. मामा म्हणाले, मग शिकून या. डॉक्टर म्हणाले, नांदेडला माझ्या ओळखीचे एक आहेत, ते शिकवतील, पण शिकायला कुत्री कुठली? हे बोलणं झालं आणि दुसऱ्या दिवशी मुखेडच्या स्टँडवर भोंग्यातून मी कंधारची गाडी पुकारत असताना खिडकीत मामा दिसले. मागं डॉक्टर, आणि दोरीला बांधलेली एक तांबडी कुत्री. ती वेशीत बसायची म्हणून तिला सगळे ‘वेशीतली’ म्हणायचे. एक कान फाटलेला, एक पाय जरा अधू, नजर मात्र तहसीलदारीणबाईसारखी. नांदेडच्या गाडीचा कंडक्टर तिला चढू देईना. मामा त्याला म्हणाले, “कोंबडी नेताव, शेळी नेताव, त्यांचं तिकीट फाडताव. हिचं बी फाडा. हिला खिडकी नको, उभं राहून येईल ती.” कंडक्टर माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणालो, मामा, नियमात बसत नाही. मामा मोठ्यानं म्हणाले, म्हणजे आख्ख्या स्टँडला ऐकू जावं एवढ्यानं, “जावई कंट्रोलर असून काय उपयोग?” मी गाडी पाच मिनिटं उशिरा सोडली आणि कुत्री टपावर, भाजीच्या टोपल्यांमधे बसून नांदेडला गेली. परत आली ती पोटाला टाके आणि गळ्यात लाल तिकोन घेऊन. बसमधून उतरल्यावर ती आधी वेशीत जाऊन बसली, जणू काय सरकारी कामानं बाहेरगावी गेली होती.

मग दर रविवारी दुकानाच्या मागच्या खोलीत ऑपरेशनं व्हायला लागली. कापड कापायच्या लाकडी टेबलावर. डॉक्टरांना मामा पैसे देत, औषधाचे देत, आणि नगरपालिका बघत राही. लग्नसराईत बायका शालू बघायला आल्या की आतून स्पिरिटचा वास यायचा आणि मधेच कोणीतरी कण्हायचं. मामा शालू पसरता पसरता सांगायचे, “काई न्हाई, पेशंट हाय.” ऑपरेशन झालेलं कुत्रं दोन दिवस दुकानातच ठेवायचे, साड्यांच्या घडवंचीखाली. सासूबाई त्यांच्यासाठी पातळ खिचडी करायच्या, बडबडत करायच्या, कानडीत करायच्या, पण मीठ मात्र चाखून बघायच्या. गावात बोलबाला झाला तो वेगळाच. चार गावचे लोक विचारायला लागले की अप्पाच्या दुकानात माणसांचं बी करतेत का.

आणि मग दुष्काळानं खरा जोर धरला. आधी विहिरी गेल्या, मग चारा गेला, मग जनावरं. गावाबाहेर मेलेली जनावरं टाकायची जागा भरून वाहायला लागली, त्यावर खेड्यापाड्यातली कुत्री जमली आणि फोफावली. तिथलं संपलं की ती गावात शिरली. शाळेत जाणाऱ्या एका पोरीला चावलं, बेंबीभोवतीची इंजेक्शनं घ्यायला तिला लातूरला न्यावं लागलं. पेढ्यांची मागणी वाढली, आणि भ्यालेल्या लोकांना काय बोलणार? त्याच दिवसांत मामांनी एक जास्तीचं खूळ केलं. ऑपरेशनच्या माणसाला बादली मिळते तशी या कुत्र्यांनाही काहीतरी मिळायला पाहिजे म्हणून जिथं जिथं लाल तिकोनाचं कुत्रं, तिथं तिथं दगडी कुंडी ठेवून तीत पाणी. टँकर आठवड्यातून एकदा यायचा. लोक अंगावर धावून आले. मामा म्हणाले, “तुमच्या घागरीतलं न्हाई. माझ्या अंघोळीचं हाय.” ते खरं होतं. त्यांनी अंघोळ सोडली होती, ओल्या फडक्यानं अंग पुसायचे. सकाळी लिंगाची पूजा केल्याशिवाय त्यांना पाण्याचा घोटही चालत नसे, ती पूजासुद्धा एका पळीवर आणली होती. सासूबाई मला म्हणाल्या, “पाव्हणं, तुमीच सांगा यांना कायतरी. माणसाला प्यायला न्हाई, आन हे कुत्र्याच्या कुंड्या भरायलेत.” मी सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं आणि मला एक बादली धरायला दिली.

मामांना माहीत होतं की हे फार दिवस चालणार नाही. दुकान बसत चाललं होतं, दुष्काळात लुगडी कोण घेतो? पैसे नगरपालिकेनं, नाहीतर वरून जिल्ह्यानं द्यायला पाहिजेत, हे त्यांचं पहिल्यापासून म्हणणं. मागं जिल्ह्याचं ठिकाण उस्मानाबाद होतं, तिथं त्यांनी कितीदा चकरा मारल्या. मग लातूर नवा जिल्हा झाला, गावात फटाके उडाले, आणि मामांनी लातूरला जाऊन विचारलं तर त्यांचं प्रकरण जुन्या जिल्ह्यातच राहिलेलं. ते पुन्हा उस्मानाबादेला गेले तर तिथले म्हणाले, तुम्ही आता आमच्यात नाही. “सोयरीक मोडल्यावानी बोलले,” असं मला सांगत होते. पण लातूरला एक नवे साहेब आले होते, तरुण होते, त्यांनी मामांचं सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत, हे मामांनी मला दोनदा सांगितलं. साहेब म्हणाले, “अप्पा, कागदावर मला पटवू नका, गावात दाखवा. यंदा पोळ्याला मी तुमच्या जनावरांच्या छावणीवर येणार आहे. तुमची लाल तिकोनाची कुत्री वर्षभर जगलीत, त्यांना पिल्लं झाली नाहीत, आणि त्यांच्या गल्लीत बाहेरचं कुत्रं शिरलं नाही, एवढं डोळ्यांनी बघितलं की मी जिल्ह्यातून तरतूद करतो. तुमच्याच नाही, सगळ्या नगरपालिकांना.” मामा लातूरहून आले ते थेट मुखेडला, माझ्या खिडकीशी. एवढे आनंदात मी त्यांना पहिल्यांदा आणि शेवटचं बघितलं. भोंग्यावरून सांगा म्हणाले. मी म्हणालो, मामा, भोंग्यावर फक्त गाड्या सांगतात.

पाऊस त्या वर्षीही आला नाही. श्रावण संपत आला तरी जनावरांची छावणी उठली नव्हती. गावातले बैल निम्मे बाजारात गेले होते, उरलेले छावणीत. पोळ्याला मी आणि बायको गेलो तर गाव सुतक असल्यासारखं. आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. बैलाचे खांदे पळसाच्या पानानं हळदतेल लावून मळायचे, वर्षभर जू वाहिलेलं असतं त्यानं. गळ्यातली जुनी दावी, नाकातली जुनी वेसण सोडून टाकायची, आणि नवी पोळ्याच्या दिवशी पूजा झाल्यावरच घालायची. ती एक रात्र जनावर मोकळं. आणि त्याच्या कानाशी म्हणायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ मामांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दुकानदारी, बैल कधीच नव्हता. पण त्या संध्याकाळी ते हळदतेलाची वाटी घेऊन बाहेर निघाले आणि मला म्हणाले, “चला पाव्हणं. गावात बैल न्हाई, म्हणून काय आवतण कुणालाच द्यायचं न्हाई?”

आम्ही वेशीत गेलो. वेशीतली कुत्री उठून उभी राहिली. मामांनी छत्री माझ्याकडं दिली. तिच्या गळ्यातला तिकोन उन्हानं विटून गुलाबी झाला होता, चिंध्या लोंबत होत्या. मामांनी गाठ सोडली. “साहेब उद्या येणार, असल्या चिंध्यांनी दाखवायचं का? आन पोळ्याला जुनं गळ्यात ठेवत नसतेत.” नवे रुमाल तयार होते, सासूबाईंनी कडा शिवून ठेवल्या होत्या. मी म्हणालो, आताच बांधून टाकू. “छे. नवं उद्या, पूजेनंतर,” मामा म्हणाले, आणि ते बरोबरच होतं, सगळे असंच करतात. मग त्यांनी पळसाचं पान बुडवून तिच्या मानेला हळदतेल लावलं. आयुष्यात पहिल्यांदा कुत्र्याला हात लावत होते, माप घेणं आणि रुमाल बांधणं सोडून. तिच्या फाटक्या कानाशी वाकून ते हळू आवाजात म्हणाले, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.” तिनं त्यांचं मनगट चाटलं. मामांनी ते सदऱ्याला पुसलं. मग भुसार लाईन, दवाखान्याची गल्ली, तहसील, टाकीखाली, असं करत आम्ही सगळं गाव फिरलो, सगळ्यांचे गळे मोकळे केले आणि सगळ्यांना आवतण दिलं. बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या दुष्काळात मी गावाला पहिल्यांदाच हसताना बघितलं, आणि ते हसणं मामांना नव्हतं, मामांच्या बरोबर होतं.

साहेब येणार हे अध्यक्षांनाही माहीत होतं. साहेबांच्या गाडीच्या आडवं कुत्रं येऊ नये म्हणून त्यांनी पहाटे पेढे टाकायचा हुकूम दिला. दवंडी दिली नाही, सणाच्या दिवशी कशाला म्हणून. अप्पाची कुत्री सोडून, असं मुकादमाला बजावूनही सांगितलं, म्हणजे त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. मला त्यांचा राग करायचा आहे, पण तो नीट करता येत नाही.

सकाळी मामांची पूजा झाली. सासूबाईंनी असेल त्या डाळीचं पुरण घातलं होतं. मी परात घेतली, मामांनी नवे लाल तिकोन हातावर टाकले, आणि आम्ही वेशीत आलो. वेस रिकामी होती. मामांनी इकडं तिकडं बघितलं, छत्री जमिनीवर आपटून बघितली. भुसार लाईनीत गेलो, तीही रिकामी. टाकीजवळ नगरपालिकेचा गाडा उभा होता, वर पोतं टाकलेलं. मुकादम आम्हाला बघून पुढं आला. म्हातारा होता, मामांना मानायचा. “अप्पा,” तो म्हणाला, “एकाच्या बी गळ्यात काई नव्हतं. अंधार होता, म्हणून मी हात लावून बघितला. पेढा टाकायच्या आधी एकेकाचा गळा चाचपला. न्हाई ओ काई.” त्यानं हात पुढं केले. त्याची बोटं हळदीनं पिवळी झाली होती. मामा त्या बोटांकडं बघत राहिले. मुकादमाला कळेना, तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, ठरावाप्रमाणं केलं अप्पा, ठरावाप्रमाणंच केलं. मामा म्हणाले, “हाव. तुझं बरोबर हाय.” गाड्यावरच्या पोत्याखालून एक फाटका कान बाहेर आला होता. मी परात खाली ठेवली, मला ती धरवेना.

छावणीवर मामा गेले. मी नको म्हणत होतो, पण साहेबांना शब्द दिलेला. साहेबांनी बैलांना नैवेद्य दिला, फोटो झाले, मग त्यांनी आठवणीनं विचारलं, “अप्पा, तुमची कुत्री कुठं आहेत?” अध्यक्ष मधेच म्हणाले, “साहेब, गावात आता कुत्रंच न्हाई, कायमचा बंदोबस्त झालाय.” मामांच्या हातावर ते लाल तिकोन तसेच होते. ते म्हणाले, “जेवायला बोलवलं होतं साहेब. मीच सोडलं त्यांना.” साहेबांना काही समजलं नाही, मी बाजूला घेऊन सांगितलं. माणूस वाईट नव्हता. पण दाखवायला काही उरलं नव्हतं, आणि जे दिसलंच नाही त्याला तरतूद कशी करणार? पुढच्या वर्षी बघू म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. अंदाजपत्रकात पेढे राहिले. दिवाळी व्हायच्या आत खेड्यावरची कुत्री येऊन गल्ल्या पुन्हा भरल्या, अगदी मामा सभेत सांगायचे तसंच.

मामांनी राजीनामा दिला नाही, आरडाओरडा केला नाही. फक्त सभेत उभं राहणं आणि हात वर करणं दोन्ही थांबवलं, आणि ते मला फार लागलं. दुकानात मात्र रविवारचं टेबल त्यांनी पुन्हा मांडलं, झेपेल तेवढं, वर्षाला एक, दोन. पण आता एक बदल होता. दर पोळ्याला ते कुत्र्यांना नवा तिकोन बांधायचे, आणि जुना सोडायचे नाहीत. नव्यावर नवा, त्यावर नवा. पाचसहा वर्षांनी त्या गावातली म्हातारी कुत्री गळ्यात लाल, गुलाबी, पांढरट चिंध्यांचे थर घालून मफलर गुंडाळल्यासारखी फिरायची. परगावचा माणूस बघून हसायचा. गावातलं कोणी हसत नसे. आता म्हणे कायदाच झाला आहे, पेढे बंद झाले आहेत, गाडी येते, ऑपरेशन करते आणि कुत्र्याच्या कानाला खाच पाडते. कानाची खाच पोळ्याला सोडता येत नाही. एवढी साधी गोष्ट मामांना सुचायला पाहिजे होती, पण ते पडले कापडवाले.

खांदमळणी ते शेवटपर्यंत करत राहिले, पण आवतण देत नसत. हळद लावायचे आणि पुरण त्याच संध्याकाळी, तिथंच, समोर बसून खाऊ घालायचे. सासूबाई म्हणायच्या, नैवेद्य उद्याचा आहे, आज कसा चालेल? ते ऐकायचे नाहीत. हळूहळू हे कुत्र्यांपुरतं राहिलं नाही. दारात आलेल्या कोणालाही, भिक्षेकऱ्याला, भाच्याला, उधारी मागायला आलेल्याला ते उद्या ये म्हणेनात. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी मुखेडहून धावतपळत भेटायला गेलो होतो, आलो ती गाडी वेशीत थांबवून ठेवली होती, तिनंच परत जायचं होतं. त्यांच्या उशाशी बसलो, पाणी पाजलं, आणि उठताना म्हणालो, “मामा, उद्या येतो, उद्या जेवायलाच येतो.” त्यांनी माझं मनगट धरलं. हातात जीव नव्हता, पण सोडेनात. “उद्या नको पाव्हणं,” ते म्हणाले. “आजच जेवा.” गाडी अर्धा तास उशिरा सुटली. मी ताटावर बसलो, सासूबाईंनी वाढलं, आणि मामा अंथरुणातून मान वळवून माझा घास न्‌ घास बघत राहिले.